फाटक

डेल्मर स्ट्राउड पडद्यावर एक्केचाळीस वेळा मेला.
बहुतेकदा पहिल्या वीस मिनिटांतच,
गुत्त्याच्या पायरीवर, घोड्यांच्या हौदात,
एकदा तर नुसता खुर्चीत बसल्या बसल्या,
हातातले पत्ते न दाखवता.
काय होते ते पत्ते, अजून सांगत नाही.

घोड्यावरून पडणं त्याला उत्तम जमायचं.
बसणं तो माझ्याकडं शिकला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी,
नेवाडामध्ये, रूबी डोंगरांच्या पायथ्याशी,
मार्चच्या चिखलात.
पहिल्या दिवशी मी त्याला घोडा दिलाच नाही.
खोगीर दिलं. म्हटलं, पूस.
त्यानं ते दोन दिवस पुसलं,
आणि चामड्याचा वास जाऊ नये म्हणून
हात न धुता जेवला.
वेडाच. पण आमच्यातला.

मग दोरी. साठ फुटी, कच्च्या चामड्याची, चार पदरी,
इन्याकी उर्रुतियानं थरथरत्या बोटांनी विणलेली.
वासरांवर फास टाकायचा, तर डेल्मर
महिनाभर कुंपणाचे खांबच धरत होता.
खांबांनी तक्रार केली नाही.

पैसेवाला एक आला शहरातून. बूट इतके नवे
की आधी बूट यायचे, मग तो.
डेल्मरनं गोष्ट सांगितली:
एक माणूस, एक बाई, अकरा मैल कुंपण,
आणि बर्फाआधी ते नीट करायचंय.
"मरतं कोण?"
"कुणी नाही."
"निदान एखादी गोळी?"
"आहे ना. जुन्या खांबात रुतलेली,
गंजलेली. बाई ती नखानं उकरून काढते."
घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं.
पैसेवाला ताट अर्धं टाकून गेला,
उरलेलं माझ्या कुत्रीनं खाल्लं.

डेल्मरनं लॉस एंजेलिसचं घर विकलं
आणि स्वतःच निर्माता झाला.
म्हणजे काय, तर
पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कॉफी उकळायची,
आणि रात्री दिव्याखाली बसून
कुणाचे किती द्यायचेत ते मांडायचं.

सिनेमा पहिल्यांदा लागला
तो आमच्याच गावच्या सभागृहात.
त्रेसष्ट खुर्च्या, भिंतीला टेकून आणखी दहाबारा जण,
मागच्या टेबलावर सफरचंदाचे पाय.
तिसऱ्याच मिनिटाला कुणीतरी ओरडलं,
तार उलट्या बाजूनं ठोकलीय!
मग एकेक सुरू झाले. हातमोजा डाव्याचा उजव्यात.
लगाम कॅलिफोर्नियाचा, टोपीची घडी टेक्ससची.
डेल्मर अंधारात वही धरून लिहीत होता,
आणि शपथेवर सांगतो, हसत होता.
इतक्या नीट त्याला कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

दिवे लागले. ग्रासियाना एचेगाराय उठली,
वय नव्वदीच्या आसपास, काठी, बारीक आवाज.
"सगळं ठीक आहे रे पोरा.
पण ती बाई घोड्यावरून आत आली,
मग फाटक कुणी लावलं?"

सभागृह गप्प.
आमच्याकडं लेकरांना प्रार्थनेआधी हेच शिकवतात:
फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं.

पहाटे चारला त्याच्या गाडीचे दिवे
माझ्या खिडकीवर.
चाळीस मैल आम्ही बोललो नाही.
फाटक लावलेलं होतं.
तारेचं कडं खांबात घट्ट, वर दव गोठलेलं.
"मीच लावलं होतं," मी म्हटलं,
"कॅमेरा गुंडाळल्यावर, संध्याकाळी."

त्यानं कड्यावरून बोट फिरवलं.
"इथं लावलंस.
तिथं उघडंच आहे.
तिथं गाई अजून बाहेर पडतायत."

यावर काय बोलणार. मी थुंकलो, गाडीत बसलो.
त्यानं फाटक उघडलं, आत गेला,
वळून लावलं, कडं अडकवलं, ओढून पाहिलं.
मग उघडून बाहेर आला. पुन्हा लावलं.
उजेड नव्हता पुरेसा, आणि बघायला मी एकटा.

गाडीत येऊन बसला. मी चावी फिरवली.
"एक मिनिट," म्हणाला,
आणि पुन्हा उतरला.